पॉइंट बेचाळीस सीसी

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र असं आहे, थोडं कापून देते:

«ताई, मी मखमलाबादचा. थोडी द्राक्षबाग आहे. मुलगा अकरावीत, गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाला. कॉलेज रोडला क्लास आहे, तिथे सायकलने जातो. शेडमध्ये फवारणीचा पाठीवरचा जुना पेट्रोल पंप टाकी फुटून पडला होता. त्याचं इंजिन काढून पोराने सायकलला बसवलं, आणि अंगणात चालवूनही दाखवलं. पेट्रोलसाठी तूर्त पाण्याची प्लास्टिकची बाटली सीटखाली तारेने बांधली आहे. आता म्हणतो, क्लासला हीच नेणार. पार्टचा दुकानदार म्हणाला, पॅडल आहे म्हणजे सायकलच, आणि पंचवीस सीसीपर्यंत लायसन्स, पासिंग काही लागत नाही. इंजिनवरचा स्टिकर उडालाय, पण पोराने हेड खोलून व्हर्नियरने मोजलं. बोअर ३४ मिलिमीटर, स्ट्रोक २८. म्हणतो, पंचवीसच झालं. मेहुणा म्हणतो, गाडी जप्त होईल आणि तूच आत जाशील, त्यापेक्षा ऑनलाइन बॅटरीचं किट मागव. खरं कोणाचं धरू? पोराचं मन मोडायचं नाही. — एक बाप»

दादा,

पत्र वाचून आधी हसू आलं, मग तुमच्या पोराचा हेवा वाटला. अकरावीत मला सायकलची चेन पडली तर बसवता येत नव्हती, आणि हा हेड खोलून बोअर मोजतो! पण आता माझं, वकिलाचं, काम करते. दुकानदार अर्धा बरोबर आहे. मेहुणा बराचसा बरोबर आहे, पण त्याचा बॅटरीचा सल्ला जपून घ्यायचा आहे.

दुकानदाराचं बरोबर कुठे, ते आधी. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम २ च्या २८ व्या पोटकलमात मोटार वाहन म्हणजे काय ते सांगितलंय: यंत्राच्या जोरावर चालणारं, रस्त्यावर वापरण्याजोगं केलेलं कुठलंही वाहन. मग शेवटी काही गोष्टी वगळल्या आहेत. रुळांवर चालणारी वाहनं वगळली, फक्त कारखान्याच्या किंवा कुंपणाच्या आत वापरायची खास वाहनं वगळली, आणि चारपेक्षा कमी चाकांचं, २५ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त नाही अशा क्षमतेचं इंजिन असलेलं वाहनही वगळलं. म्हणजे दुकानदाराने पंचवीसचा आकडा हवेतून काढलेला नाही. या ओळीत बसणारी गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. मोटार वाहन नाही म्हटल्यावर त्या कायद्यातली नोंदणी, लायसन्स, विमा हे तिला लागू होत नाही.

पण पॅडलचं जे सांगितलं ते साफ चूक. त्या व्याख्येत पॅडलचा उल्लेखसुद्धा नाही. आमच्या अण्णांकडे लूना होती, पन्नास सीसीची. १९७२ पासून कायनेटिकने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जी काढली तीच. पेट्रोल संपलं की अण्णा धोतर सावरून पॅडल मारत घरी यायचे आणि आम्ही पोरं मागून ढकलायचो. ढकलताना नाकासमोर काय असायचं? नंबरप्लेट. तिचं आरसी बुक होतं, विमा होता, अण्णांकडे लायसन्स होतं. पॅडल असून ती कायद्याने मोटारसायकलच.

आता तुमच्या पोराचं माप. कागद-पेन्सिल घ्या आणि त्याला शेजारी बसवा. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तो ३४ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १.७ सेंटिमीटर. १.७ चा वर्ग २.८९. त्याला ३.१४१६ ने गुणलं की ९.०८ च्या आसपास येतं. त्याला स्ट्रोकने, म्हणजे पिस्टन जेवढा वर-खाली सरकतो त्या २.८ सेंटिमीटरने गुणा. किती आलं? २५.४२.

पोराने दशांशाच्या पुढचं सोडून दिलं. शाळेच्या उत्तरपत्रिकेत कदाचित एखादा गुण कापला गेला असता. इथे त्या पॉइंट बेचाळीसमुळे आख्खी गाडी ओळीच्या दुसऱ्या बाजूला जाते. कायद्यात ‘साधारण पंचवीस’ असं लिहिलेलं नाही, ‘पंचविसाहून जास्त नाही’ असं लिहिलंय. त्यातून व्हर्नियर एका बाजूला जरा दाबून धरला तरी माप हलतं, तेव्हा त्याला बोअर दोन-तीन ठिकाणी पुन्हा मोजायला लावा. पण आशा फार ठेवू नका. पाठीवरच्या पंपांची बरीच इंजिनं सव्वीसची म्हणूनच विकली जातात, तुमच्या गावात कुठल्याही शेडमध्ये डोकावलात तर स्टिकरवर दिसेल.

तर तुमच्या अंगणात उभी आहे ती कायद्याने मोटारसायकल. हे एकदा मान्य केलं की मेहुण्याचं ऐकायला लागतं.

नोंदणी नसलेलं मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवलं तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड. लायसन्स नसताना चालवलं तर कलम १८१, पाच हजार. विमा नसला तर १९६, दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदणी किंवा लायसन्स नाही असं दिसलं तर कलम २०७ ने पोलिसांना गाडी अडकवून ठेवता येते. तेव्हा ‘जप्त होईल’ हे मेहुणा घाबरवण्यासाठी बोलत नव्हता.

आणि ‘तूच आत जाशील’? तेही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण अडवायचा पूर्ण प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर. तुम्हाला तर माहीत आहे, आणि तुम्ही मला पत्रही लिहून बसलात. शिवाय मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळा वर्षांच्या पोराला नऊ वर्षं ही शिक्षा कैदेपेक्षा कमी वाटणार नाही. मुलाकडे त्या प्रकारच्या गाडीचं लर्निंग किंवा पक्कं लायसन्स असेल तर हे कलम लागत नाही. सोळा पूर्ण झालेल्याला पन्नास सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळूही शकतं. कलम ४ मध्ये ती सोय आहे, आणि इंजिनाच्या मापात तुमच्या पोराची गाडी बसते.

मग तुम्ही म्हणाल, लायसन्स काढू, पेठ रोडच्या आरटीओत जाऊन गाडी पास करून घेऊ, एमएच १५ चा नंबर लावू. पत्रात नाही लिहिलंत, पण पुढचा प्रश्न हाच असणार.

नाही होणार. नव्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २० सोबत दोन कागद लागतात. फॉर्म २१, विक्रेत्याने दिलेलं विक्रीचं प्रमाणपत्र. आणि फॉर्म २२, गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे असं तिच्या उत्पादकाने दिलेलं. तुमच्या सायकलचा उत्पादक कोण? सायकल कंपनी म्हणेल, आम्ही इंजिन दिलं नाही. पंपवाला म्हणेल, आम्ही फवारणीसाठी दिलं. राहिला तुमचा मुलगा, आणि त्याने फॉर्म २२ वर सही करायची तर आधी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागेल. कंपन्या हजारो गाड्या काढतात म्हणून त्यांना तो खर्च परवडतो. एका सायकलसाठी ते करणं म्हणजे मुंगीला पालखी.

म्हणजे पंचवीसच्या आत मोकळीक, पंचवीसच्या वर कारखान्यात बनलेली पास गाडी, आणि मध्ये घरच्या घरी जोडलेल्या गाडीला जागाच नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं असं नाही. घरी काही करून पाहणाऱ्यांसाठी काही देशांत एकेका गाडीच्या तपासणीची सोय असते, तशी आपल्याकडेही असायला हरकत नव्हती. पण आहे ते असं आहे.

अजून एक फट राहते, तीही बुजवते. ‘मग शेतातून फिरवू दे, रस्त्यावर नको.’ स्वतःच्या बागेत, द्राक्षांच्या दोन ओळींमधून, खुशाल. पण शेताच्या कडेचा शिवरस्ता तुमचा नाही. कायद्यात सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या लोकांना जिथे जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा अशी आहे, मग तो डांबरी असो की मातीचा. बांधावरून शिवरस्त्यावर चाक आलं की ती सार्वजनिक जागा.

आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. दंडाची पावती फाटली तर काही हजार जातील, महिनाभर चिडचिड होईल, संपेल. मी मोटार अपघाताच्या दाव्यांत काम करते. दंडाने घर बसलेलं मी पाहिलं नाही, अपघाताने पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दूधवाला आला होता. लोखंडी दांड्याची जुनी सायकल, त्यावर इंजिन, दोन्ही बाजूंना किटल्या. पहाटे एका वळणावर देवळाकडे निघालेल्या आजींना धडक बसली. आजींचं मांडीचं हाड मोडलं. तो पळाला नाही, स्वतः रिक्षा करून दवाखान्यात घेऊन गेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने माझ्या टेबलावर जे ठेवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे: किटली गुंडाळायच्या फडक्यात बांधलेलं सायकलचं मडगार्ड. ते दाखवलं की आपला वेग कमी होता हे सिद्ध होईल असं त्याला वाटत होतं. मी विचारलं, विम्याचा कागद? तो म्हणाला, ताई, सायकलला कसला विमा.

पंचवीस सीसीच्या वरच्या गाडीने अपघात झाला तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. कलम १६४ प्रमाणे जखमीने चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख भरपाई द्यावी लागते. ती विमा कंपनी देते, विमा नसेल तर मालक देतो. मालक म्हणजे तुम्ही. त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर चूक दाखवून जास्त मागता येतं, ते वेगळंच. विमा उतरवायला जावं तर नोंदणी नसलेल्या गाडीचा विमा होत नाही. म्हणजे तुमच्या आणि त्या अडीच लाखांच्या मध्ये फक्त तुमची द्राक्षबाग.

‘मग चोवीस सीसीचं इंजिन लावू दे की!’ पोरगा हे म्हणणारच, मी त्याच्या जागी असते तर म्हटलं असतं. कायद्याने चालेल. ती मोटार वाहन होणार नाही, लायसन्स लागणार नाही. पण दोन गोष्टी त्याला सांगा. पहिली, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे कुठलंही वाहन चालवणाऱ्याला लागतं, त्यात इंजिनाच्या मापाची अट नाही. जखमी माणूस दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकतोच, आणि ती पुन्हा घरातूनच द्यायची. रस्त्यात मामांनी अडवलं तर चोवीस सीसी हे सिद्ध करायला इंजिनाचं बिल किंवा कंपनीचा कागद खिशात हवा. व्हर्नियर काढून सिग्नलवर हेड खोलता येत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ही वकिलीची बाब नाही, पण पोरगा हिशेब समजणारा आहे म्हणून लिहिते. सायकलचे ब्रेक साधारण पंधरा-वीसच्या वेगासाठी बनवलेले असतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे त्याने याच वर्षी फिजिक्सला शिकलं असेल. चाळीसच्या वेगाने मखमलाबाद नाक्याकडून रामवाडी पुलाच्या उतारावर येताना, श्रावणात, ओल्या रिमवर रबर धरायचंय. सायकलचा फोर्क, स्पोक, कॉलर कशाचाच हिशेब इंजिनाच्या थरथरीसाठी केलेला नसतो. आणि मागच्या स्पोकांना क्लॅम्प करून स्प्रॉकेट बसवलं असेल (बहुतेक असंच बसवतात) तर एक स्पोक तुटला की बाकीचे ओळीने जातात.

मेहुण्याच्या बॅटरीच्या किटकडे येते. विजेवर चालणाऱ्यांसाठी वेगळी ओळ आहे, केंद्रीय नियमांच्या नियम २ मध्ये. मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती ताकद पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी. पॅडलला मदत करणारी मोटर असेल तर २५ च्या वेगाला पोचताच, किंवा पॅडल मारणं थांबताच, तिने बंद व्हायला हवं. नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हे सगळं जुळलं तर ती मोटार वाहन नाही, पण एक अट लोक विसरतात: हे जुळतं असं नियम १२६ मधल्या तपासणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं.

ऑनलाइन किटवर ‘नो लायसन्स’ मोठ्या अक्षरात असतं, आणि खाली बारीक अक्षरात ३५० किंवा ५०० वॉट. ते ओळीच्या बाहेरच गेलं. २५० चं किट आणलं तरी किट तपासलेलं आणि तुमच्या पोराने पान्ह्याने बसवलेली आख्खी सायकल तपासलेली, यात फरक आहे. म्हणून किट नको. इलेक्ट्रिकच घ्यायची तर कंपनीने बनवलेली ई-सायकल घ्या. दुकानात एवढंच विचारा: या मॉडेलचं एआरएआयचं किंवा आयकॅटसारख्या दुसऱ्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र दाखवा. दाखवलं तर त्याची झेरॉक्स मागून घ्या. ‘त्याची गरज नसते हो’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. आणि कोणी ‘स्पीड लॉक काढून देतो, चाळीस जाईल’ म्हणालं तर लॉक काढताच गाडी सवलतीतून बाहेर पडते. चालवणारा सोळाचा असला की मग परत कलम १९९अ.

खर्चाचं म्हणाल तर ई-सायकल स्वस्त नाही, मला माहीत आहे. पण पोरगा आजवर सायकलनेच जातो आहे ना? सहा-सात किलोमीटर आहे. नाशिकला सायकलची नवलाई नाही. आपल्या गावच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी सायकलने पार केली. क्लासपर्यंत आणखी दोन वर्षं पायाने गेलं तर पोराचं काही बिघडणार नाही. अठरा झाले की हवी ती गाडी.

मन मोडायचं नाही म्हणालात. मग त्याला नुसतं ‘नाही’ म्हणू नका, वरचा २५.४२ चा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या. आकडा स्वतःच्या हाताने काढलेला असला की पोरं भांडत नाहीत. इंजिन फेकू नका. ते बागेत पाण्याच्या छोट्या पंपाला लावता येईल का बघा, किंवा कॉलेजच्या प्रदर्शनात स्टँडवर चाक फिरवून दाखवू दे. आणि त्याला होंडांची गोष्ट सांगा. १९४६ साली जपानात, युद्धानंतर पेट्रोलची मारामार असताना, सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस सेटसाठीच्या जनरेटरची उरलेली छोटी इंजिनं घेतली आणि सायकलींना बसवली. आज रस्त्यावर दिसतात त्या होंडाच्या गाड्यांची सुरुवात तिथली. त्यांच्या पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून अंथरुणात ऊब घ्यायची गरम पाण्याची बाटली लावली होती.

त्यावरून आठवलं. बाकी सगळं रविवारी निवांत बसून करा, पण ती पाण्याची प्लास्टिकची बाटली आज संध्याकाळी काढा. ती पेट्रोलसाठी नसते. पेट्रोलने आणि उन्हाने प्लास्टिक मऊ पडतं, झाकणातून वाफ येते, आणि ती बांधली आहे सीटखाली, तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर. पेट्रोल धातूच्या डब्यात ओतून ठेवा, डबा शेडमध्ये औषधांपासून लांब ठेवा, आणि अंगणात चालवून दाखवायचं ते सुद्धा बाटली निघेपर्यंत बंद.

— ताई